बिनचिंचेची अळूवडी

काय सांगू, आमच्या गावात आजही कुणाला साधा ठसका लागला तरी लोक आधी माझ्याकडे बघतात. लग्नात बघतात, बाराव्याला बघतात. परवा एसटीत एक अनोळखी म्हातारा खोकला, तर मीच मान खाली घातली. आता एवढं बोललोय तर सगळं सांगूनच टाकतो. चहा घ्या. हसलात तरी चालेल, पण सुरेखा आत आहे, जरा हळू.

झालं असं, की माणगावला जाऊन रक्त तपासलं आणि माझी साखर बॉर्डरवर निघाली. डॉक्टर म्हणाले, थोडं चाला, गोड कमी करा. बस, एवढंच. पण मला कुठलीही गोष्ट एवढीच करता येत नाही, हा माझा खरा रोग. हरिहरेश्वरच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी पर्यटक आधार कार्ड घेऊन येतात, एरवी दिवसभर मी आणि मोबाइल. त्या मोबाइलवर एक बाई आहारावर बोलायच्या. गोड आवाजात, हसत हसत, आणि दर वाक्यात माझ्या घरातला एक डबा रिकामा करायच्या.

महिन्याभरात घरातली साखर गेली, मैदा गेला, तळण गेलं. मागच्या दारी गवती चहा, तुळस, पुदिना, ओवा यांची लागवड झाली. रोज सकाळी कसलं ना कसलं पाणी उकळायचं. गिऱ्हाईक रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला यायचं आणि जवसाचे फायदे ऐकून जायचं. काही जण झेरॉक्स न घेताच गेले, ते मला फार उशिरा कळलं.

आता सुरेखाचं सांगतो, कारण मूळ गोष्ट तिची आहे.

सुरेखा माझी बायको, गावच्या महिला भजन मंडळाची मुख्य गायिका. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे अण्णा, म्हसळ्याकडचे नावाजलेले भजनीबुवा. वय झालं, आता गात नाहीत, पण कान तसाच आहे. एखाद्याचं गाणं मनापासून आवडलं तर ते फक्त 'वा' म्हणतात. तेही क्वचित. ज्याला तो 'वा' मिळाला तो माणूस वर्षानुवर्षं लोकांना सांगत फिरतो. अण्णांनी आपल्या मुलांना जवळ बसवून शिकवलं. मुलांनी गळे आणि पेट्या दोन्ही सोडून पनवेलला नोकऱ्या धरल्या. सुरेखाला कुणी बसवलं नाही. ती पडवीत तांदूळ निवडता निवडता ऐकत राहिली आणि गाणं तिच्यात गेलं. तरी अण्णा तिचं गाणं ऐकायला कधी आले नव्हते. बायकांची भजनं म्हणजे वेळ घालवायचं साधन, असं त्यांचं मत.

आणि गेल्या श्रावणातल्या, शेजारच्या गावच्या देवळातल्या भजनस्पर्धेला अण्णा येणार, असा निरोप आषाढातच आला. निरोप ऐकून सुरेखा स्वयंपाकाला लागली. फक्त त्या दिवशी तिने आमटीत मीठच घातलं नाही. मी ते आरोग्यासाठी समजून तिचं कौतुक केलं.

मला गाता येत नाही. टाळ दिला तरी मी तालाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे असतो. पण काहीतरी करायची हौस. म्हणून मी स्वतःच स्वतःला मंडळाचा आरोग्यमंत्री नेमलं. बायकांना मिठाच्या गुळण्या दिल्या, ज्येष्ठमध चघळायला दिलं, अडुळशाचा काढा पाजला. आणि मुख्य हुकूम काढला, तो म्हणजे आंबट बंद. गाणाऱ्याच्या गळ्याला आंबट चालत नाही, त्या मोबाइलवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. लोणचं बंद, ताक बंद, सोलकढी बंद.

यावर मंडळात टाळ वाजवणाऱ्या मंदाकाकींनी बंड केलं. आषाढ चालू होता, घरोघरी मासळी शिजत होती. काकी दुकानात येऊन म्हणाल्या, "जयवंता, कालवणात पण आंबट न्हाय? मग ते कालवण कसलं? पाण्यात मासा पवतोय नुसता."

मी त्यांना गळ्याच्या पडद्यांवर बरंच काही ऐकवलं. त्या गेल्या. पण आवाज खरोखर सुधारले बरं का! रोजच्या तालमीने सुधारले असतील, पण श्रेय मी घेतलं. आणि तिथेच माझा घात झाला.

स्पर्धेच्या दिवशी मंडळाला हलकं, पौष्टिक, आवाजाला पोषक असं काहीतरी खायला द्यायचं मी ठरवलं. सुरेखा सकाळपासून तालमीत. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. न्हाणीघराच्या मागे अळू माजलं होतं. ठरलं, अळूवडी!

आता अळूवडी कशी करतात ते तुम्हाला मी सांगायला नको. पानं वडीची घ्यायची, मागच्या शिरा काढायच्या, बेसनात चिंच-गूळ घालायचा, लावायचं, गुंडाळायचं, चांगलं उकडायचं, मग तळायचं. माझ्या आजोळापासून सासुरवाडीपर्यंत सगळ्या घरांत अशीच होते. पण मी पडलो सुधारक. गूळ म्हणजे साखरच, म्हणून गूळ काढला. चिंच आंबट, म्हणून चिंच काढली. तळण तर आधीच हद्दपार. शिरा मुद्दाम ठेवल्या, कारण शिरांत तंतू असतात. उकडायचं ते पण जेमतेम, पान हिरवंगार राहीपर्यंतच, म्हणजे जीवनसत्त्वं जात नाहीत.

चिंच नसली की अळू गळ्याला खाजतं, हे मला माहीत नव्हतं का? कोकणात जन्मलो हो मी! शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण बाई म्हणाल्या होत्या की वाफेने भाजीतले सगळे दोष जातात, आणि त्या दिवसांत माझा माझ्या आईपेक्षा त्या बाईंवर जास्त विश्वास होता. मी स्वतः एक तुकडा चाखला असता तरी सगळं टळलं असतं. पण माझा तेव्हा संध्याकाळपर्यंतचा उपास चालायचा. तोही आरोग्यासाठी.

देवळाच्या सभामंडपात पोचलो. यजमान मंडळाच्या प्रमुख शैलाताईंनी सगळ्यांना चहा दिला. आमची पाळी बऱ्याच उशिराने होती. पण पहिल्या मंडळाचा टेम्पो घाटात बंद पडला आणि त्यांच्या जागी एकदम आमचंच नाव पुकारलं गेलं. बायकांची धांदल उडाली. मी डबा उघडून मधे उभा राहिलो आणि म्हटलं, उपाशीपोटी गाऊ नका, दोन दोन वड्या तोंडात टाका. त्यांनी टाकल्या. न चावताच गिळल्या बहुतेक. सुरेखा गाण्याआधी काही खात नाही, ती गरम पाणी पिऊन पुढे गेली. पखवाजवाला वडापाव खाऊन आला होता, तो वाचला.

तेवढ्यात पहिल्या रांगेत अण्णा दिसले. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, ताठ बसलेले. मला भरून आलं. त्या भरात मी चार वड्या कागदाच्या बशीत घालून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी वडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जावयाने दिलेलं परत कसं करणार? त्यांनी मुकाट्याने चारही खाल्ल्या.

सुरेखाने सूर लावला. अहो, काय लावला! इतकी वर्षं मी तिला भाकरी थापताना गुणगुणताना ऐकलं होतं, पण हा आवाज वेगळा होता. सभामंडपातलं बोलणं थांबलं. मी अण्णांकडे बघत होतो. त्यांची मान किंचित हलली.

मग मागून कोरस आला. पहिल्यांदा नीट आला. दुसऱ्यांदा आला तो अर्धाच आला. तिसऱ्यांदा नुसता घसा खाकरल्याचा आवाज. बघतो तर एकजण गळा चोळतेय, दुसरी पदराने जीभ पुसतेय, आणि मंदाकाकींनी चालू अभंगात टाळ खाली ठेवून दोन्ही हातांनी मान धरलीय. मला वाटलं, हवेचा दोष. खरंच सांगतो, त्या क्षणीही माझ्या मनात वडी आली नाही.

सुरेखा थांबली नाही. कोरसच्या जागाही स्वतःच भरत ती एकटी गात राहिली. आणि ऐन रंगात आली असताना, अण्णा उठले. चेहरा लाल, तोंडावर उपरणं. कुणाकडे न बघता बाजूच्या दाराने बाहेर निघून गेले.

सुरेखाने ते पाहिलं. एका ओळीला तिचा आवाज हलला. मग तिने डोळे मिटून घेतले आणि शेवटपर्यंत गाऊन संपवलं.

मागच्या खोलीत नुसता गोंधळ. मंदाकाकींनी सरळ शैलाताईंना धरलं. "च्यात काय घातलंव? आमचे गळे बसवायला काय घातलंव ते सांगा."

शैलाताई म्हणाल्या, आम्हीही तोच चहा प्यायलो. काकी म्हणाल्या, तुमचं भांडं वेगळं असेल. त्या म्हणाल्या, हीच का तुमची भजनाची संगत? दोन्ही गावची मंडळी जमली. जुनी भांडणं निघाली, कुणाच्या पालखीला कुणी वाट दिली नव्हती इथपर्यंत विषय गेला. आणि मी? मी डबा पाठीमागे धरून भिंतीला चिकटून उभा होतो. कारण तोपर्यंत मला कळलं होतं. डब्याचं झाकण लावता लावता उपास विसरून मी एक वडी तोंडात टाकली होती.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. शैलाताईंचा चहाचा टोप कुणीतरी उपडा केला, त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या, तरी मी गप्प. या गोष्टीची मला अजून लाज वाटते. वड्यांपेक्षा जास्त वाटते.

सुरेखा भांडणात नव्हती. ती दारात उभी राहून बाहेर सभामंडपातल्या पहिल्या रांगेकडे, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. माझी चाहूल लागली तशी म्हणाली, "अर्ध्यातून उठले. एवढं वाईट गायले का हो मी?"

मग मात्र मला राहवलं नाही. मी डबा पुढे धरला आणि सगळ्यांसमोर कबुली द्यायला तोंड उघडलं. पण घशात तोवर सुया टोचायला लागल्या होत्या. "चहा नाही, वडी, चिंच नाही," एवढंच कसंबसं बाहेर पडलं. बाकी सगळं मी हातवाऱ्यांनी सांगितलं. मग मंदाकाकी डब्यात वाकल्या, वडीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "मेल्या, शिरा पण न्हाय काढल्यास!"

अण्णा सापडले देवळामागे, महाप्रसादाच्या चुलीपाशी. एका पातेल्यात मूठभर आमसुलं भिजत घातलेली, आणि ते पेल्यामागून पेला पाणी पीत होते. मी पायाच पडलो. काय झालं ते घरघरत सांगितलं. मागोमाग सुरेखा आली, पण चार पावलं दूरच थांबली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "मी गाण्यावरनं उठलो नाय, पोरी. ह्यांच्या वडीवरनं उठलो. तिथंच खोकलो असतो तर तुझा सूर मोडला असता. बाहेर भिंतीला कान लावून उभा होतो. शेवटपर्यंत."

मग त्यांनी हात वर केला आणि 'वा' म्हणायला गेले. पण घशातून निघाला तो भलताच आवाज, कोंबडा दाबल्यासारखा. ते थांबले. म्हणाले, "थांब, नीट म्हणतो." आणखी एक पेला आमसुलाचं पाणी प्याले, घसा साफ केला, उपरणं सारखं केलं, ताठ उभे राहिले, आणि म्हणाले, "वा."

सुरेखा तिथेच चुलीशेजारी खाली बसली आणि रडली. माझेही डोळे वाहायला लागले. कुणीतरी म्हणालं, बघा, जावयालाही किती भरून आलंय. मंदाकाकी मागून म्हणाल्या, "कसलं भरून येतंय, अळू हाय ते."

सगळ्या मंडळाने त्या पातेल्यातलं आंबट पाणी संपवलं. मी बंद केलेलं सगळं आंबट त्या एका दुपारी वसूल झालं. बक्षीस मिळालं शैलाताईंच्या मंडळाला, आणि ते मिळायलाच हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांची माफी मागितली, नवा टोप दिला. त्यांनी चहा पाजला. समोर बसून आधी स्वतः प्याल्या, मग मला दिला.

अण्णा आता दर महिन्याला येतात. सुरेखाला समोर बसवून शिकवतात. जेवायची वेळ झाली की मात्र आधी विचारून घेतात, आज स्वयंपाक कुणी केलाय.

यंदाच्या श्रावणात स्पर्धा आमच्या गावात आहे. परवा मंडळाची बैठक झाली. मी दाराबाहेरच उभा होतो, आत जायचं तोंड नव्हतं. तर मंदाकाकींनीच हाक मारली. म्हणाल्या, झालं गेलं विसर, जेवणाचं काम यंदाही तूच बघायचं, बायकांनी एकमताने ठरवलंय. काय सांगू, मी धावतच आत गेलो. म्हटलं, काकी, एवढा विश्वास टाकताय माझ्यावर, मंडळासाठी काय करू ते सांगा.

काकी म्हणाल्या, "आमच्यासाठी न्हाय रे. आम्ही घरून डबे आणणार हाव. तू पाहुण्या मंडळांचं बघ."