लग्नं लॅबला, गेलेले घरी

"पानी मंग पिऊ, पयले भिंत पाहू द्या." कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की फोटोवाले भाऊजी हेच म्हणायचे. घरचं माणूस समोर उभं असायचं आणि हे भिंतीवर टांगलेल्या, मेलेल्या माणसाकडे बघायचे. मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून. मग म्हणायचे, "रंग उडून राहिला. काढा खाली."

साकोलीला त्यांचा स्टुडिओ माझ्या आटाचक्कीला लागून होता. मधली भिंत वरून उघडी, त्यामुळे माझं पीठ त्यांच्या मशीनवर जाऊन बसायचं. कोणाच्या गेलेल्या आजीच्या गालावर पांढरा ठिपका आला की ते चक्कीच्या दारात यायचे, फोटो माझ्यासमोर धरायचे आणि परत जायचे. मी म्हणायची, दळण बंद करू का? लोक पोळ्या खातात, फोटो खात नाहीत. त्यानंतर ते मशीनवर बायकोचं जुनं लुगडं पांघरू लागले. बायको वारली होती. एकच मुलगी, ती रायपूरकडे दिली होती. ती दिवाळीला फोन करायची.

मशीन म्हणजे फोटो छापायचा प्रिंटर. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडे रोलचे कॅमेरे गेले आणि डिजिटल आले. तेव्हा प्रत्येक फोटोवाल्याला ठरवावं लागलं, की फोटो नागपूरच्या लॅबला पाठवायचे की दुकानातच छापायचे. लॅबचा फोटो टिकायचा, पण हातात यायला आठवडा जायचा. दुकानातला फोटो चहा पिईपर्यंत तयार. पण भाऊजींच्या मशीनची शाई कच्ची, उजेडाने उडायची. आधी लाल रंग जायचा. मग माणूस कावीळ झाल्यासारखा दिसायचा.

भाऊजींनी आपला नियम करून टाकला होता. "लग्नं लॅबला, गेलेले घरी." लग्नाच्या अल्बमची घाई नसते, तो जन्मभर पाहायचा असतो. गेलेल्या माणसाचा फोटो मात्र लगेच लागतो. आमच्या बौद्धांत पुण्यानुमोदनाला, दुसऱ्यांकडे तेरवीला, फोटो ठेवून हार घालावा लागतो. त्याला नागपूरची वाट कोण पाहील? इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं.

पण कार्यक्रम झाल्यावर तोच फोटो लॅबमधून करून द्यायला काय हरकत होती? ते देत नसत. भातकापणी झाली की मोपेड काढायचे आणि गावोगाव भिंती बघत फिरायचे, पार दिघोरीपर्यंत. उडालेला फोटो दिसला की नवा छापून न्यायचे, फुकट. तुम्ही म्हणाल, केवढा भला माणूस. मीही बरेच दिवस तेच समजत होते.

माझा नवरा माझ्या भिंतीवर दोनदा पिवळा पडला. दुसऱ्यांदा भाऊजी नवा फोटो घेऊन आले. चक्कीच्या मागेच माझं घर. चहा झाला, पोहे झाले, नवऱ्याच्या जुन्या गोष्टी निघाल्या. दुपार कलली तरी ते उठेनात. मी सरळ विचारलं, "भाऊजी, हा एकदाचा लॅबमधून काहून नाही करत?"

ते बशीत बघत म्हणाले, "मंग मी येऊ कायले, वहिनी?"

मी बशी उचलली.

पुढे दिघोरीचं झालं. तिथल्या एका घरचा तरुण मुलगा गेला होता. भाऊजींचा गुडघा दुखत होता, म्हणून त्या साली त्यांची फेरी झालीच नाही. पुढच्या साली तिथे पोचले तेव्हा फोटोत मुलाचे काळे केस आणि शर्टाची कॉलर तेवढी राहिली होती. चेहरा नव्हता. त्याची आई त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

तिथून ते तडक चक्कीत आले. काहीतरी बोलत होते, पण ऐकू येईना, म्हणून मी मोटर बंद केली.

"ते बाई म्हनते, माहा पोरगा एकदा गेला तं गेला. तुम्ही त्याले पुन्हा पुन्हा कायले मारून राहिले?"

गव्हाच्या पोत्यावर ते टेकले. उठले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून सगळे गेलेले लॅबला पाठवू लागले. जुने, नवे, सगळे.

लॅबवाल्यांनी सगळ्यांना गोरं करून पाठवलं. माझा नवरा जन्मभर उन्हात पोती वाहणारा, तो नागपूरहून आला तर शाळेतल्या मास्तरासारखा. मी हसले. भाऊजी हसले नाहीत. तेच फोटो घेऊन ते पुन्हा सगळी गावं फिरले आणि शेवटी माझ्याकडे आले. खिळा हलवून पाहिला, फोटो टांगला आणि म्हणाले, "आता नाही उडत."

मी म्हटलं, "आता बिनकामाचे येत जा."

"बिनकामाचं कसं यावं, वहिनी? लोक इचारते, काय काम काढलं."

आणि ते आले नाहीत. माझ्याकडे नाही, कुठेच नाही. मोपेड स्टुडिओच्या मागे उभी राहून गंजली. मधल्या भिंतीवरून त्यांचं खोकणं ऐकू यायचं. पीठ उडालं तरी ते दारात येत नव्हते. मशीनच बंद होतं, ठिपका येणार कुठून?

एका थंडीत ते गेले. मुलगी आली, सगळं उरकून परत गेली. स्मशानात आमच्या ओळीतले दुकानदार तेवढे होते. गावोगावच्या भिंती ज्यांनी इतकी वर्षं पाहिल्या, त्या गावांतून कोणी नव्हतं. त्यांना कळवणार कोण?

उन्हाळ्यात दिघोरीची ती आई बंद शटरसमोर उभी दिसली. हातात मोबाईल. नवरा वारला होता, त्याचा त्यातला फोटो छापून पाहिजे होता. दुकान कधी उघडतं, म्हणून तिने मला विचारलं. कोण ते तिनेच सांगितलं, तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, फोटोवाले थंडीतच गेले.



"आमाले कोनी सांगतलंच नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "पोराचा फोटो तं अजून नवाच हाय न. म्हनून मनात नाही आलं, भाऊ काहून येत नाही म्हनून."

मी तिला हायवेवरचं दुसरं दुकान दाखवलं. तिथे सगळं लॅबलाच जातं.