तांड्याची सरासरी

दौलतसिंगबद्दल सांगायचं तर आधी माझी लाज सांगावी लागेल. तो तांड्यावरचा, सडकेच्या कामावर खडी फोडणारा, बोलायला मुखदुर्बळ आणि अंगाने दणकट.

१९५४ साली मी किन्हीराजाच्या तालमीत शिकवायचो. अमरावतीहून कवायतीचा कोर्स करून नुकताच परतलो होतो, आणि उथळ पाण्याला खळखळाट फार! माझ्या कापूर घातलेल्या तिळाच्या तेलाने बैठकांनंतर मांड्यांचं दुखणं लवकर उतरतं, हे मला आकड्यांनी सिद्ध करायचं होतं. गावातले पाच गडी घेतले, त्यांना तेल. तांड्यावरचे पाच, त्यांना काही नाही. प्रत्येकाने दोनशे बैठका काढायच्या आणि कशाला न धरता उकिडवं बसता यायला किती दिवस लागतात ते मी मोजणार.

तांड्याची पाळी चालू असताना मी चहाला गेलो आणि गप्पांत रमलो. तासाभराने परत येतो तर चौघे केव्हाच दोनशे मोजून बसलेले, दौलतसिंग मात्र चालूच. त्याला विसापुढे मोजता येत नव्हतं. वस्तादाने 'बस' म्हटल्याशिवाय थांबायचं नाही, हे मीच त्याच्या डोक्यात भरवलं होतं. मी हसलो, 'बस' म्हणालो आणि वहीत त्याच्याही नावापुढे दोनशे लिहिले.

गावाची सरासरी आली दोन दिवस. तांड्याचे चौघेही दोन दिवसांतच बसले, म्हणजे माझं तेल मातीमोल! पण दौलतसिंगला सतरा दिवस लागले. आठ नि सतरा पंचवीस, भागिले पाच. तांड्याची सरासरी पाच! त्याला वगळायला हवं हे मला कळत होतं. मी वगळलं नाही. बाजाराच्या दिवशी चावडीसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. लोकांनी माझी पाठ थोपटली आणि तांड्यावरच्यांना नाजूक म्हणून चिडवायला सुरुवात केली.

दौलतसिंग तालमीत येईना, म्हणून त्याच्या घरी गेलो. त्याची बायको सोनीबाई म्हणाली, "त्या बैठका काढल्यावर चार दिस बिनदुधाच्या काया चायसारखी लघवी होत होती त्याले, गुर्जी. आमी त भेलो."

तो आतून आला. माझ्याकडे बघेना.

"गुर्जी, माह्या एकट्यापायी साऱ्या तांड्याचं नाव गेलं. तुमचा हिसाबबी बिघडला असन. मले माफ करा."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला माफ केलं.