गोठ्यातली हजेरी

नोकरीत खून तपासले, दरोडे तपासले. पण एका फळ्याच्या चोरीची ती घटना आजही जशीच्या तशी आठवते.

कापसाचे भाव कोसळले होते, त्या वर्षांतली गोष्ट. मी महागाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावच्या शाळेतल्या एकुलत्या एका गुरुजींची बदली झाली आणि नवे आलेच नाहीत. खरेदी केंद्र बंद, घरं कापसानं भरलेली. गावानं सरळ ठराव केला, कापूस शाळेत भरला आणि कुलूप ठोकलं. चार महिन्यांनी एका सकाळी ते कुलूप तुटलेलं दिसलं.

सरपंच ठाण्यात धावत आले. "साहेब, आत कोणाले जाऊ नाही देल्लं, पण कापूस गेला असन. एक दलाल दोन दिवसांपासून गावात फिरून राह्यला."

मी दलालाला आणलं, दिवसभर उलटसुलट विचारलं. गडी रडकुंडीला आला, हाती काही लागलं नाही. चूक माझीच होती. जागा पाहण्याआधी मी माणूस धरला. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो, तर कापूस जागच्या जागी. भिंतीवरचा गुंडाळी फळा तेवढा गेला होता.

मग मी पोरांकडे वळलो. चौथीतली एक पोरगी वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधून शेतात निघाली होती. "शाळा कायले, साहेब? वेचणीच बरी," म्हणाली. तिच्या पहिलीतल्या बहिणीला म्हटलं, मातीत तुझं नाव लिही. तिनं बोटानं झरझर लिहिलं, काना-मात्रेसकट. शाळा चार महिने बंद, आणि ही विसरली कशी नाही?

"कोणी शिकवलं?"

"ताईनं. गोठ्यात."

ताई म्हणजे शेजारची सातवीतली मुलगी. तिच्या गोठ्यात गेलो, तर फळा टांगलेला, समोर पोती अंथरलेली. ती उठून उभी राहिली.

"काहून नेला गं फळा?"

"लहानी पोरं सारं विसरून राह्यली होती, साहेब. दोन महिन्यांपासून मातीत शिकवत होती, पण फळ्याबिगर जमे नाही."

तिचा बाप हात जोडून पुढे आला. "बोभाटा करू नका, साहेब. रविवारी पाहुणे येऊन राह्यले तिले पाहाले. शाळाच नाही, तं पोरगी कायले घरी ठेवू?"

फळ्यावर त्या दिवशीची हजेरी होती. लहान मुलांच्या नावांपुढे हजर. सगळ्यांत खाली तिचं स्वतःचं नाव, पुढे गैरहजर.

"मले कोण शिकवते, साहेब?" ती म्हणाली.

बापाला तिथंच बजावलं, अठराच्या आत लग्न लावलंस तर पाहुण्यांसकट ठाण्यात बसवीन. सरपंचांनी तक्रार मागं घेतली, शाळा रिकामी केली. शिक्षण खात्यात मी स्वतः खेटे घातले.

शाळा बंद पडली की पहिलीतलं पोर अक्षरं विसरतं. ती परत शिकवता येतात. चौथीतलीला मात्र वेचणीतून ओढून आणावं लागलं. सातवीतलीचं तर आयुष्यच रविवारी दुसऱ्याच्या घरी ठरून गेलं असतं. एकाच कुलपानं प्रत्येक वयाचं वेगळं नुकसान केलं होतं, आणि मी कापूस शोधत बसलो होतो.

नवे गुरुजी आले, त्या दिवशी मी दारात उभा होतो. हजेरीत त्यांनी ताईचं नाव पुकारलं. तिला हुंदका आवरेना, तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा पुढच्या रांगेतून ती पहिलीतली ओरडली, "गुरुजी, ताई हजर हाय!"