एरंडेलावरची मोटार

धरण भरलं तेव्हा आमची सगळी जमीन पाण्याखाली गेली आणि मोबदल्याच्या पैशातून घरात एक मोटार आली. विहिरीवरची नव्हे, नावेच्या मागे लावायची. मुंबईकडच्या कोणा कोळ्यानं वापरून टाकलेली, दोरी ओढून चालू करायची. पाण्यामुळे गावाचे दोन तुकडे झाले होते. बाजार पलीकडे, दूध संकलन पलीकडे, एसटीसुद्धा पलीकडेच थांबायची. माझे यजमान माणसं, सायकली आणि दुधाच्या किटल्या नावेतून पार करायचे. आमचं पोट त्या मोटारीवर होतं. ती बंद पडली तर ऊसतोडीला जायचं, दुसरा धंदा नव्हता.

सासरे मात्र जमिनीबरोबर संपल्यासारखे झाले होते. मामंजींनी जन्मभर शेती केली, गाडीबैल सांभाळले. आता बैल विकलेले आणि गाडी अंगणात उभी. सकाळी चहा घ्यायचे आणि काठावर जाऊन बसायचे. कोणी हाक मारली तर हुं म्हणायचे, तेही मनात आलं तर. मला आधी राग यायचा. घरात पाणी भरायला, सरपण फोडायला माणूस नको का? मग रागही येईनासा झाला.

मध्ये पडलेला दुष्काळ सरून धरणाचं पाणी पुन्हा चढलं आणि त्याच हिवाळ्यात पेट्रोलचे भाव भडकले. या मोटारीच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, नाहीतर आतला दट्ट्या सुका घासतो. ते तेल कंपनीचं, डब्यातलं, नगरला जाऊन आणायचं. यजमानांनी काटकसर सुरू केली. प्लग नवा घ्यायचा सोडून विळ्याच्या टोकानं खरवडायचे. मोटारीच्या पाण्यातल्या पंख्याची खीळ बुडालेल्या बाभळींच्या खुंटांवर आपटून तुटायची, तिच्या जागी साधा खिळा ठोकायचे. दोरी तुटली तेव्हा अंबाडीची वळून लावली. डब्यातल्या तेलाला मात्र पर्याय सापडेना.

एका दुपारी ते ओट्यावर बसून डबा उपडा करून शेवटचे थेंब गाळत होते. मामंजी काठावरून आले, बराच वेळ बघत राहिले आणि बोलले.

"एरंडेल घाल. इतकी वर्सं गाडी हाकली म्या, चाक कंदी करकरलं न्हाई."

इतकं सलग वाक्य आम्ही किती महिन्यांनी ऐकत होतो. यजमानांनी वर बघितलं आणि म्हणाले, "व्हय आबा, बघू घालून."

दुसऱ्या दिवसापासून घराचा घाणाच झाला. घरामागच्या उतारावर एरंड माजलेले होते, फुकटचे. मामंजी बिया वेचून आणत, मी भाजायच्या, कुटायच्या, मोठ्या पातेल्यात उकळायच्या आणि वर आलेलं तेल पळीनं काढायचं. हात मोडून यायचे. पण मामंजी चुलीशेजारी बसून जाळ कमी कर, आता ढवळ, असं सांगत राहायचे. गाडीचं वंगण कसं करतात, कोणत्या बैलाला कसली खोड होती, सगळं बोलायचे. जेवायला वाढलं तर मागून घ्यायचे. मोटार चालायला लागली की सगळ्या पाण्यावर कढईत काही तळल्यासारखा वास पसरायचा आणि नावेतल्या बायका मला चिडवायच्या, "काय गं, आज भजी का?" मामंजी ते ऐकून हसायचे. त्यांना हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

महिनाभर मोटार चालली. मग थंडीचा कडाका पडला.

त्या सकाळी नावेत दुधाच्या किटल्या होत्या, मी बाजाराला निघाले होते आणि मामंजीही बरोबर होते. पाण्याच्या मध्यावर येईपर्यंत मोटार पांढरा धूर ओकत होती. मग धूर थांबला, आवाज एकदम चढला, आतून खाडकन काहीतरी वाजलं आणि ती बसली. यजमानांनी दोरी ओढली तर ती तसूभर हलेना. लोखंड इतकं तापलेलं की हात लावता येईना. बांबूनं नाव रेटत कशीबशी काठाला आणली. संकलनाची वेळ टळली, दूध वाया गेलं, लोक बोलून गेले.

मामंजी नावेतच बसले होते. त्यांनी पेट्रोलचा डबा उघडला, उरलेलं हळूहळू वाळूवर ओतलं. आधी नुसतं पातळ पेट्रोल आलं. मग तळाला बसलेलं घट्ट तेल काकवीसारखं लोंबत आलं. थंडीनं दोन्ही वेगळी झाली होती, तेल दट्ट्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांनी ते बोटांवर घेतलं, चोळलं.

"तुला ठाव हुतं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"न्हाई आबा. मशिनच जुनं हुतं."

मामंजी उठले आणि घरी गेले. ते लांब गेल्यावर मी यजमानांना विचारलं, "खरं सांगा, माहीत होतं ना?"

"नगरच्या मिस्त्रीनं सांगितलं हुतं, असलं काय घालू नको म्हनून." ते मोटारीचे बोल्ट सोडत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "पर आबा बोलाया लागला हुता. त्याला काय म्हनू मी? गप बस म्हनू?"

मला ओरडायचं होतं. आमचं सगळं घर त्या एका यंत्रावर उभं आहे हे त्यांना कळत नव्हतं का, असं विचारायचं होतं. पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, हे मला त्याच क्षणी कळलं आणि त्यानं मी जास्तच खचले. राग धरायलासुद्धा कोणी उरलं नाही.

मिस्त्रीनं मोटार उघडली आणि लगेच झाकली. आतलं सगळं चिकटून फाटलं होतं, नवे भाग घेण्यापेक्षा मोटार भंगारात घालणं बरं. आम्ही ती घातली.

निम्मा हंगाम सरल्यावर कोपरगावकडे ऊसतोडीला गेलो, तेव्हा आगाऊ पैशांची उचलही मिळाली नाही. मुकादमाला जोडी हवी होती, नवरा-बायको. म्हातारं माणूस नको होतं. यजमानांनी हात जोडून सांगितलं की आमचे आबा बैलांचं बघतील, गाड्यांचं बघतील, त्यातलं त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. मुकादमानं मान्य केलं.

तिसऱ्या दिवशी उसानं भरलेली एक गाडी फडातून निघताना करकर करू लागली. मुकादमानं हाक मारली, "बाबा, या गाडीचं वंगन जरा बघा की."

मामंजी बैलांसाठी उसाच्या शेंड्यांची वाढी गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मला त्यातलं काय बी कळत न्हाई."

मुकादमानं यजमानांकडे बघितलं. यजमान कोयता चालवत राहिले. मी मोळी बांधायला खाली वाकले, कारण मला रडू आवरत नव्हतं. गाडी तशीच करकरत कारखान्याच्या रस्त्याला लागली आणि तिचा आवाज फार लांबपर्यंत ऐकू येत राहिला.