जावईबापूंचा डावा कान

आमचे जावईबापू उंच इमारती बाहेरून रंगवतात, दोरांना टांगलेल्या फळीवर बसून. लेकीचं लग्न ठरलं तेव्हापासून मला त्याचीच धास्ती.

गेल्या आठवड्यात ते न्हाणीघराचं दार घट्ट धरून उभे असलेले मला दिसले.

"मामा, चक्कर येते. हिला सांगू नका," एवढंच म्हणाले.

नाही सांगितलं, पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कानाच्या तपासणीला सोबत गेलो. उंचावरचं काम सुटलं तर त्यांना दुसरं काही येत नाही. आणि नाही सुटलं तर? पुढचा विचार मी करतच नव्हतो.

कान तपासणाऱ्या मुलीने आधी त्यांना एका बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. दोन्ही कानांना नीट ऐकू येत होतं. मला जरा हायसं वाटलं.

"आत्ता चक्कर येतेय?" तिने विचारलं.

"छे हो ताई, ठणठणीत आहे मी." असं म्हणून ते भिंतीवरच्या खिळ्याकडे टक लावून बसले. दोरावरही त्यांची हीच युक्ती. भिंतीवरचा एक ठिपका धरायचा, खाली बघायचंच नाही.

तिने त्यांच्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवून झाकण लावलं. आत अंधार. चष्म्यातल्या कॅमेऱ्यामुळे समोरच्या पडद्यावर मात्र डोळे दिसत होते. ते हळूच एका बाजूला ओघळायचे, झटक्याने परत यायचे, पुन्हा ओघळायचे. झाकण काढलं तशी बुबुळं शांत झाली.

"खिळा पकडून चक्कर दाबताय होय?" ती म्हणाली. "दाबता येतेय, म्हणजे बिघाड बहुधा मेंदूत नाही, कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागात आहे."

मग कानांत गार-गरम हवा सोडली; तो भाग धड असेल तर त्याने गरगरतं म्हणे. उजव्या कानाने त्यांना गरगर फिरवलं, डावा ढिम्म.

"पण वर मला काही होत नाही," जावईबापूंचा हट्ट.

"या मऊ गादीवर उभे राहा. आता डोळे मिटा."

मिटले मात्र, आणि ते सरळ डावीकडे कोसळले. आम्ही दोघांनी कसंबसं धरलं. त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

"मामा, वर डोळ्यांत रंग उडतो हो," ते पुटपुटले. "तेव्हा मिटावेच लागतात."

व्यायामाने तोल सावरेल, डॉक्टर सांगतीलच, तोवर उंचावर जायचं नाही, असं ती म्हणाली.

जिन्यातच, कठडा धरून, त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. "दादा, वर नाही जमणार आता. खाली काही असेल तर बघा."

"खाली? रंगात पाणी ओतायला ठेवू तुला?" तिकडचं हसणं मलाही ऐकू आलं.

"ठेवा," जावईबापू म्हणाले. "उद्या येतो."