एच. के. म्हात्रे आणि मनोरंजनाचा खर्च

माझ्या बायकोवर मी आयुष्यात कधी संशय घेतला नाही. तो ॲपने घेतला. मी फक्त नोटिफिकेशन चालू ठेवलं होतं.

बेलापूरच्या एका कंपनीत मी इंटर्नल ऑडिटला आहे. म्हणजे लोकांनी जोडलेल्या टॅक्सीच्या पावत्या उजेडात धरून बघायच्या, याचा मला पगार मिळतो. ऑफिसात माझी सावली दिसली तरी सेल्सवाले जेवणाची बिलं फाडून टाकतात. घरी मात्र माझं काही चालत नसे. आमचं बँकेतलं खातं दोघांच्या नावावर, ते वैशालीच्याही फोनला जोडलेलं आणि माझ्याही. ती भाजीपासून भिशीपर्यंत सगळं फोनवरून भरणार आणि महिनाअखेरीला मी सानपाड्याच्या त्या दोन खोल्यांतून ‘पैसे गेले कुठे?’ असं विचारत फिरणार.

शेवटी माझी मुलगी सई कंटाळली. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने माझा फोन घेतला आणि त्यात खर्चाचा हिशोब ठेवणारं एक ॲप टाकलं.

“बाबा, हे बँकेचे मेसेज वाचतं आणि कोणी कशावर खर्च केला ते आपोआप लावून टाकतं. आपल्या तिघांचा फॅमिली ग्रुप केलाय. आता घरात फिरू नकोस, एका जागी बसून बघ.”

मी बसलो. ॲपमध्ये एक गोल चकती होती, रंगीबेरंगी. हिरवा तुकडा किराणा, निळा प्रवास, पिवळा औषधं. ग्रुपमध्ये माझ्या नावापुढे ‘प्रमुख’ असं लिहिलेलं होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात हे पद मला प्रथमच लेखी मिळालं. (ते सईने काही विचार करून दिलेलं नव्हतं, तिथे कोणाचं तरी नाव टाकावंच लागतं, हे नंतर कळलं.)

पहिले काही दिवस मजेत गेले. सई ऑफिसात जी कॉफी पिते तिच्या किमतीत आमच्याकडे आठवड्याचं दूध येतं, असे छोटे छोटे शोध मी लावत होतो आणि जेवताना जाहीर करत होतो. मग एका बुधवारी दुपारी ऑफिसात फोन टिंग करून वाजला. ‘वैशाली यांनी एच. के. म्हात्रे यांना पैसे पाठवले. प्रकार: मनोरंजन.’

मी दचकलो नाही. ऑडिटर दचकत नाही, तो नोंद घेतो.

पुढच्या बुधवारी पुन्हा म्हात्रे. पुन्हा मनोरंजन. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. आता आमच्या वैशालीचं मनोरंजन म्हणजे संध्याकाळी गॅलरीत उभं राहून समोरच्या सोसायटीतली पार्किंगची भांडणं बघणं. ते फुकट असतं.

त्या रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “उद्या बुधवार ना?”

“उद्या गुरुवार.”

“म्हणजे आज बुधवार. काय विशेष बुधवारी?”

“बुधवार आहे, हेच. भात वाढू?”

“दुपारी कुठे गेली होतीस?”

“वाशीला. भिशी होती.”

मी भात घेतला, पण त्याची चव लागली नाही. कारण भिशीचे पैसे ॲपमध्ये वेगळे दिसत होते, आणि ते शनिवारी गेलेले होते.

एकदा संशय आला की सगळीकडे पुरावेच दिसू लागतात. बुधवारी ती घरी आली की तिच्या ओढणीला वास यायचा. अत्तराचा असता तर मी समजू शकलो असतो, निदान धागा तरी मिळाला असता. हा वास ऑइलचा होता. मशीनच्या ऑइलचा. नखांच्या कडा काळ्या. एकदा तर ती फोनवर हळू आवाजात म्हणत होती, “नाही हो, यांना काही सांगितलेलं नाही. सांगितलं की संपलंच.” मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा ग्लास धरून उभा होतो. (ग्लास रिकामा होता. तो केवळ तिथे उभं राहायला कारण म्हणून घेतला होता.)

आणि मग एकदम मोठी रक्कम गेली. एच. के. म्हात्रे, पंधरा हजार. प्रकार: मनोरंजन.

आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. मी आरशात बघितलं. पोट, चष्मा, केस होते त्या जागेची आठवण. हा म्हात्रे कसा असेल? हेमंत? हर्षद? एकदम उंच असणार, मला खात्री होती. दुसरी शक्यता त्याहून भयंकर होती: कोणीतरी तिला फसवत असेल. वर्तमानपत्रात रोज येतं, शिकल्यासवरल्या बायकांना फोन करून घाबरवतात आणि खातं धुऊन नेतात. खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही ती पंधरा हजारांमुळे नाही. इतकी वर्षं जिच्या शेजारी झोपलो तिला मी बुधवार कसा जातो हेसुद्धा विचारू शकत नाही, हे टोचत होतं. विचारलं आणि तिने खरं सांगितलं तर काय, ही भीती होती. म्हणून मी विचारण्याऐवजी पाठलाग करायचा ठरवला. तो सोपा वाटला.

पुढच्या बुधवारी मी अर्धी रजा टाकली. सानपाडा स्टेशनबाहेरच्या दुकानातून एक टोपी घेतली, मोठ्या कडेची, आणि एक काळा मास्क. पैसे फोनवरून भरले. आमच्या बिल्डिंगसमोर झाडाआड उभा राहिलो. वैशाली खाली आली, तिने फोन बघितला, इकडेतिकडे बघितलं, का कोण जाणे जराशी हसली, आणि रिक्षात बसली. मी मागची रिक्षा पकडली.

“पुढच्या रिक्षाच्या मागे घ्या. पण फार जवळ नको.”

रिक्षावाल्याने आरशातून माझी टोपी बघितली. “साहेब, म्याटर काय हाय?”

“ऑफिसचं काम आहे.”

“पुढच्या म्याडम ऑफिसातल्या का?”

मी टोपी आणखी खाली ओढली. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “टेन्शन नका घेऊ साहेब. माझ्या मेव्हण्याचं पन असंच झालेलं.”

“मग?”

“मग काय नाय. तो आता गावाला असतो.”

रिक्षा वाशीकडे वळलीच नाही. ती ठाणे-बेलापूर रस्त्याने सरळ गेली आणि पावण्याला एमआयडीसीत शिरली. दोन्ही बाजूंना शेड, टेम्पो, पत्रे कापण्याचे आवाज. वैशाली एका निळ्या शटरपाशी उतरली आणि सरळ आत गेली, बेल नाही, विचारपूस नाही, जणू माहेर. मी रिक्षाचे पैसे फोनवरून दिले आणि समोरच्या चहाच्या टपरीवर, एका उभ्या टेम्पोच्या आडोशाला, कटिंग घेऊन बसलो. चहा प्यायला मास्क खाली करायचा आणि लगेच वर घ्यायचा, असं चाललं होतं.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. सोबत एक माणूस होता. उंच होता! (निदान ऑडिट तरी बरोबर होतं.) तो काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती. मग तिने फोन काढला, आणि मला दिसलं की ती पुन्हा पैसे पाठवणार. माझा धीर सुटला. मी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला.

“सर, मी आपली काय मदत करू शकते?”

“संशयास्पद व्यवहार आहे. ताबडतोब थांबवा.”

“नक्की सर. आपल्याला कोणावर संशय आहे?”

“बायकोवर.”

पलीकडे की-बोर्डची टकटक थांबली. मग ती मुलगी फार सभ्यपणे म्हणाली, “सर, तसा पर्याय आमच्याकडे नाही. फोन हरवला असं नोंदवू का?”

“काहीही नोंदवा, पण थांबवा.”

“सर, मग खात्यातले सगळेच ऑनलाइन व्यवहार बंद होतील. चालेल?”

“चालेल,” मी म्हणालो. तिने माझी जन्मतारीख वगैरे विचारून घेतली आणि खातं बंद केलं. मला हलकं वाटलं. घर वाचवलं असं वाटलं. त्याच भरात मी चहाचे पैसे द्यायला फोन पुढे केला.

“काका, फेल दाखवतोय,” चहावाला म्हणाला.

मी पुन्हा केलं. पुन्हा फेल. खिशात एक रुपया नव्हता. रोकड वापरायची नाही, म्हणजे ॲपमध्ये सगळी नोंद राहते, हा नियम घरात मीच काढला होता. मी खिसे चाचपत असताना रस्ता ओलांडून वैशाली सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“टोपीचे साडेतीनशे दिलेत?” ती म्हणाली. “दीडशेला मिळते.”

मी मास्क नाकावर ओढला. “कोण आपण?”

“मास्क काढा. श्वास लागेल.”

मी काढला. तिने आपला फोन माझ्यासमोर धरला. त्यावर ओळीने लिहिलेलं होतं: माझ्या नावाने टोपी, प्रकार ‘फॅशन’. मास्क, प्रकार ‘आरोग्य’. रिक्षा, प्रकार ‘प्रवास’. फॅमिली ग्रुपमध्ये सगळ्यांचे खर्च सगळ्यांना दिसतात. मला वाटलं होतं ते फक्त प्रमुखाला दिसतात.

“तुम्ही टोपी घेतलीत तेव्हाच सईचा फोन आला,” वैशाली म्हणाली. “म्हणाली, आई, बाबाने कामाच्या दिवशी दुपारी सानपाड्यात टोपी का घेतली? मी म्हटलं, येत असेल माझ्या मागे. येऊ दे.”

तिने पर्समधून नोट काढून चहावाल्याला दिली आणि मला शटरकडे नेलं. आत तो उंच माणूस लेथ मशीनपाशी उभा होता. तो नितीन म्हात्रे. एच. के. म्हणजे त्याची आई, हिराबाई. धंद्याचं खातं तिच्या नावावर होतं, आणि ती कोपऱ्यात खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसली होती. वर्कशॉपला सुट्या भागांचे नाहीतर ॲडव्हान्सचे पैसे गेले की ॲपला ते कशात घालावेत कळत नव्हतं, म्हणून त्याने आपल्या मनाने मनोरंजनात टाकले होते.

आणि मध्ये टेबलावर एक यंत्र होतं. स्टीलचं, मोटर लावलेलं, खाली फिरती ताटली. चकली पाडायचं.

वैशाली सोसायटीत चकल्या करून देते हे मला माहीत होतं. दिवाळीच्या आधी सोऱ्या दाबून तिचे खांदे धरतात, रात्री ती शेक घेते, हेही माहीत होतं. पण या वर्षी तिने दुपटीहून जास्त ऑर्डरी घेतल्या होत्या, आणि बाजारातली यंत्रं मोठ्या कारखान्याच्या मापाची म्हणून स्वतः वहीत चित्र काढून हे बनवून घेत होती, हे माहीत नव्हतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“मिक्सर घ्यायचा होता तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही तीन कोटेशनं मागवलीत. तिसरं आलं तेव्हा दुकान बंद झालेलं.”

पण मलाही काहीतरी म्हणायचं होतं. “मला भीती वाटली गं. कोणी फसवत असेल तुला, असं वाटलं.”

“इतकंच वाटलं?”

मी नितीनच्या उंचीकडे बघितलं. तिने ते टिपलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याखाली जरा गंमतही होती. पन्नाशी उलटलेल्या बाईवर कोणी इतक्या गंभीरपणे संशय घ्यावा, याचं तिला थोडं कौतुक वाटलं असावं, असा माझा अंदाज आहे. तो मी तपासून घेतलेला नाही.

“दादा,” नितीन म्हणाला, “मशीन तयार हाय. बाकीचं पेमेंट तेवढं करा म्हनजे टेम्पोत चढवतो. ताईंचा फोन मघापासून नाय बोलतोय.”

“कशाला नाही म्हणतोय?” वैशालीने विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, अगदी ‘बायकोवर’ हा शब्दसुद्धा. कोपऱ्यातून हिराबाई म्हणाली, “आगं बाय, यानं सोताच्याच घराला कुलूप लावलान आन चावी आत ठेवलान.”

शेवटी सईने आपल्या पगारातून पैसे पाठवले. सोबत मला मेसेज: ‘बाबा, प्लीज टोपी परत करून ये.’

दुसऱ्या दिवशी खातं उघडायला आम्ही दोघं शाखेत गेलो. तिथे माझी सही जुळेना. काउंटरवरच्या बाईंनी कागद उजेडात धरला, तिरका केला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. ती नजर मी चांगली ओळखतो. रोज सेल्सवाल्यांना मीच देतो. “हे आपले कोण?” त्यांनी वैशालीला विचारलं. वैशालीने उत्तर द्यायला जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ घेतला. मग म्हणाली, “आमचेच आहेत.”

दिवाळीत यंत्र सकाळी सुरू व्हायचं ते दुपारपर्यंत. मी ताटलीवरून चकल्या उचलायच्या कामावर होतो. चकल्या खपल्या, सईचे पैसे फिटले, आणि वैशालीने दिवाळीनंतर शेक घेतला नाही. ती ऑर्डरी घेताना आता मला काही विचारत नाही. मीही कोटेशन मागत नाही.

ॲप मात्र अजून फोनवर आहे. महिनाअखेरीला सईने त्यात माझ्यासाठी एक नवीन प्रकार तयार केला: ‘संशय’. त्यात टोपी, मास्क, रिक्षा, अगदी वैशालीने रोख दिलेला चहासुद्धा, सगळं नीट लावलेलं. खाली ॲपने विचारलं होतं, पुढच्या महिन्यासाठी या खर्चाची मर्यादा ठरवायची आहे का? वैशालीने माझ्या हातून फोन घेतला आणि शंभर रुपये टाकले.

मी हिशोब करून बघितला. शंभर रुपयांत रिक्षाने जाऊन-येऊन फक्त शेजारच्या जुईनगरपर्यंतच संशय घेता येतो.