काशीबाईंच्या अंगठ्याची पट्टी

"मी 'ॲक्शन' म्हणेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. आणि 'कट' म्हटलं की वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल, पण थांबायचं. कळलं?"

अनूनं हे पुन्हा एकदा सांगितलं. समोर सतरंजीवर बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. कॅमेरा सुरू झाला. अनू 'ॲक्शन' म्हणाली आणि सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या.

"कट! अगं बायांनो, एकेक करून. आधी काशीबाई."

"मी एकटीच बोलून राहिले होते की," काशीबाई म्हणाल्या. "ह्या मधात घुसल्या."

"हिला एकटीला बोलू दिलं तर जेवणं राहतील सगळ्यांची," मायाबाई मागून म्हणाल्या. हशा झाला. तो टेकही गेला.

रेवा, निखिल, तुम्ही फोनवर नेहमी विचारता की आजी इतकी वर्षं सिनेमात होती, तर पडद्यावर कुठेच कशी दिसत नाही. आज ते सांगते, आणि त्या कामामुळे आपल्या हिंगोली जिल्ह्यात एकदा काय घोळ झाला तेही सांगते.

मी कंटिन्युइटी बघायचे. सिनेमा क्रमानं शूट होत नाही. नायिका घराचं दार उघडते तो शॉट आज घेतात, आणि ती अंगणात पाऊल टाकते तो पंधरा दिवसांनी. पडद्यावर मात्र मधे एक क्षणच गेलेला असतो. म्हणून बांगड्या तेवढ्याच लागतात, पदर त्याच खांद्यावर लागतो, हातातल्या कपात चहा तेवढाच लागतो. हे जुळवणारं माणूस म्हणजे मी. काम चुकलं तर थिएटरभर दिसतं. बरोबर झालं तर कुणालाच दिसत नाही. मला ते मानवलं. माझी कपाटं तुम्ही पाहिली आहेतच.

अनू म्हणजे अनुसया. तिचं गाव आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावाहून थोडं आत. शाळेच्या गॅदरिंगमधून नाटकात गेली, नाटकातून सिनेमात, आणि पुढे स्वतःच निर्माती झाली. निर्माती म्हणजे पैसा उभा करायचा, माणसं जमवायची आणि काहीही बिघडलं की बोलणी खायची. मी हिंगोलीची, पण शिकले हैदराबादला, इंग्रजी शाळेत. मुंबईच्या ज्या युनिटमध्ये आम्ही भेटलो, त्यात आपल्या भागातल्या आम्ही दोघीच. पहिल्याच दिवशी तिनं मला 'अक्का' म्हटलं आणि मग सगळं युनिटच म्हणायला लागलं. पुढचं जवळजवळ सगळं काम तिनं मला दिलं. तुमच्या आईचं शिक्षण त्यातूनच झालं. हे मी विसरलेले नाही.

नाव झाल्यावर अनू मराठवाड्याबद्दल बोलायला लागली. बक्षीस घ्यायला स्टेजवर गेली तरी रस्ते, पाणी, दवाखाने. मंत्रालयात स्वतः फाइलींच्या मागे फिरायची. अनुशेष हा शब्द तिच्या तोंडी इतका बसला की युनिटमधली पोरं तिला मागे 'अनुशेषताई' म्हणत. अनुशेष म्हणजे आपल्या भागाला जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, ते. ती कुठल्याच पक्षात गेली नाही. त्यामुळे सगळेच पक्ष तिला विचारायचे, "तिकीट कुणाचं घेणार?" आणि कुणालाच तिचा भरवसा वाटायचा नाही.

तिच्या गावात सरकारी दवाखाना आहे. त्यात ऑपरेशन थिएटर बांधलेलं होतं. टेबल होतं, मोठा दिवा होता, आणि दाराला कुलूप होतं. सर्जन नव्हता, भूल देणारा डॉक्टर नव्हता. अडलेली बाई जीपमध्ये घालून नांदेडला न्यायची. काशीबाईंच्या मुलीला, सारिकाला, असंच नेलं होतं. ऑपरेशन झालं, सारिका वाचली, बाळ गेलं. आता ती पुन्हा गरोदर होती. या वेळीही ऑपरेशनच करावं लागेल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. काशीबाई कॅमेऱ्यासमोर बसायला तयार झाल्या त्या एवढ्यासाठी.

दवाखान्यांची स्थिती बघायला आमदारांची एक समिती हिंगोलीला येणार होती. अनूनं ठरवलं, काशीबाईंसारख्या गावातल्या बायकांची एक छोटी फिल्म करून समितीला दाखवायची. तिनं मला फोन केला. मी तेव्हा रिटायर होऊन हिंगोलीत राहायला आले होते. फोन ठेवायच्या आत मी चष्मा शोधायला लागले.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी काशीबाईंच्या अंगठ्याला पट्टी होती. विळा लागला होता. पांढरी चिंधी, हळदीनं पिवळी झालेली. त्या हातवारे करून बोलतात, त्यामुळे प्रत्येक शॉटमध्ये आधी अंगठा दिसायचा, मग काशीबाई. तिसऱ्या दिवशी आल्या तर पट्टी गायब.

"पट्टी कुठे?" मी विचारलं.

"बरा झाला की अंगठा."

"पुन्हा बांधा."

"काहून?"

मी समजावलं. कालचं बोलणं आणि आजचं बोलणं जोडून दाखवायचं आहे. मधेच पट्टी नाहीशी झाली तर बघणारा गोंधळेल.

"म्हंजे सगळं एकाच दिशी झालं असं दिसाया पायजे," त्या म्हणाल्या. माझ्या किती असिस्टंटना हे कळायला महिना लागला होता!

"बरोबर. काम संपेपर्यंत पट्टी काढायची नाही. आणि साडी हीच. सगळ्यांनी."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. आम्ही सामान आवरलं आणि तसेच उठलो. एरवी शूटिंग संपलं की दिग्दर्शक नाहीतर निर्माता मोठ्यानं 'पॅकअप' म्हणतो. ते ऐकल्याशिवाय कुणी मेकअप उतरवत नाही. त्या दिवशी ते कुणी म्हटलंच नाही.

आणि मग निरोप आला. समिती फिल्म बघणार नाही. ज्यांना सांगायचं आहे त्यांनी समक्ष येऊन सांगावं.

अनू नाराज झाली. बायका नाही झाल्या. "त्यात काय," मायाबाई म्हणाल्या, "आता तर आमाला सवय झाली."

सुनावणी हिंगोलीच्या विश्रामगृहात होती. जीपमधून बायका उतरल्या. सगळ्या त्याच साड्यांत. मायाबाईंचा पदर त्याच खांद्यावर, काशीबाईंच्या अंगठ्याला पट्टी. क्षणभर मला फार समाधान वाटलं. इतकी चोख कंटिन्युइटी मी नावाजलेल्या नटांकडूनही कधी मिळवली नव्हती. मग आठवलं, 'पॅकअप' कुणी म्हटलंच नव्हतं, आणि पट्टी सोडायला मी पुढे झाले. पण तोवर शिपायानं नाव पुकारलं होतं.

समितीचे अध्यक्ष वयस्कर होते, शांत. शेजारी एक तरुण आमदार, कडक इस्त्रीचा कुडता. अनूला बघून तो आधीच हसत होता.

"बोला, ताई," अध्यक्ष काशीबाईंना म्हणाले.

काशीबाई गप्प.

"बोला ना. काय अडचण आहे?"

गप्प. सगळ्याजणी हात मांडीवर ठेवून ताठ बसलेल्या आणि सगळ्यांचे डोळे अनूकडे. मला कळलं. त्या 'ॲक्शन'ची वाट बघत होत्या. अनूलाही कळलं. पण तिथे, समितीसमोर, तो शब्द तिनं कोणत्या तोंडानं उच्चारायचा?

"काय मॅडम," तरुण आमदार म्हणाला, "तुमच्या नट्या डायलॉग विसरल्या वाटतं."

हॉलमध्ये हसू पसरलं. तो काशीबाईंकडे वळला. "मावशी, अंगठ्याला काय झालं?"

प्रश्न थेट होता. काशीबाईंनी थेट उत्तर दिलं. "काय न्हाई, साहेब. बरा झाला कवाच."

"मग पट्टी कशाला?"

त्यांनी तोच अंगठा माझ्याकडे केला. "ह्या मॅडम म्हणल्या, काम संपेस्तोवर काढायची न्हाई."

आता सगळा हॉल हसला. "अध्यक्ष महाराज," आमदार म्हणाला, "जखम नाही आणि पट्टी आहे. अजून काय पुरावा पाहिजे? सगळं नाटक आहे."

मी कंटिन्युइटी म्हणजे काय ते सांगायला उठले. अनूनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"पट्टी शूटिंगची आहे, साहेब. ते शूटिंग मी करत होते. दवाखान्यातलं कुलूप मी लावलेलं नाही. माझ्यामुळे या बायकांचं म्हणणं खोटं ठरत असेल तर आम्ही दोघी बाहेर जातो. आम्ही नसताना यांना विचारा." मग ती बायकांकडे वळली. "इथे कॅमेरा नाही. जे आहे ते सांगा."

आम्ही बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसलो. अनू दाराकडे पाठ करून बसली. हजारो लोकांसमोर उभी राहिलेली बाई ती.

"अक्का," ती म्हणाली, "यांना बोलतं करायला गेले आणि गप्प बसायला शिकवून आले. सारिकाला आता काय सांगू?"

मी तिला पाणी दिलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. एक नाही, सगळ्यांचे. सगळ्याजणी एकदम. कुणी जीपबद्दल, कुणी कुलपाबद्दल, कुणी त्या कुडत्याला उद्देशून, "तुमच्या घरची असती तर हसले असते का?" चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला. "आता कोण जाईल आत?" तो म्हणाला.

थोड्या वेळानं दार उघडलं. अध्यक्ष स्वतः बाहेर आले होते. चष्मा कपाळावर.

"ताई, एक सांगा. फिल्ममध्ये तुम्ही यांना एकेक करून कसं बोलायला लावलंत? आमच्या स्टेनोनं पेन खाली ठेवलंय."

अनूनं सांगितलं.

"मी म्हणू?"

"म्हणा की. आधी नाव घ्या. आणि 'कट' जरा जोरात म्हणा."

ते आत गेले. दार नीट लागलं नाही, त्यामुळे आम्हांला ऐकू येत होतं. एक खोकला. मग अवघडल्या आवाजात, "काशीबाई... ॲक्शन."

सगळं शांत झालं. मग काशीबाईंचा आवाज.

"साहेब, माझी सारिका जीपमधी होती. तिचं डोकं माझ्या मांडीवर. दवाखान्याम्होरूनच गेलो आमी. दिवा दिसून राहिला होता खिडकीतून, तो मोठा. मी डायवरला म्हणलं, थांबव बाबा. तो म्हणला, मावशी, कुलूप हाय. लेकरू गेलं साहेब. आता पुन्हा दिवस हायेत तिला. पुन्हा त्याच रस्त्यानं न्यायची का मी? ह्या पट्टीला हसा तुमी, मला त्याची तकलीफ न्हाई. अंगठा माझा बरा झाला. कुलूप तसंच हाय."

अध्यक्षांनी 'कट' म्हटलं नाही. मग मायाबाईंचं नाव घेतलं गेलं. त्यांना मात्र दोनदा 'कट' म्हणावं लागलं.

बायका बाहेर आल्या त्या लग्नाहून परतल्यासारख्या, एकमेकींना टाळ्या देत. मी काशीबाईंना म्हटलं, "आता काढा ती पट्टी. माझं काम झालं."

"तुमचं झालं असंल," त्या म्हणाल्या. "आता ही नवसाची हाय. कुलूप निघून माझ्या सारिकाचं नीट होऊ द्या, मग काढीन."

समितीनं शिफारस केली. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. अनू त्या कागदामागे मुंबईला किती खेपा घालत राहिली ते तिलाच माहीत. एकदा त्या कुडत्यावाल्या आमदाराचा तिला फोन आला. ती भांडायच्या तयारीत होती. तो म्हणाला, "मॅडम, फाइल कुठे अडली आहे ते मला सांगा. माझ्या घरी परवा त्या मावशींबद्दल सांगितलं, तर बायकोनं माझ्याशी बोलणं सोडलंय." फाइल त्यानंच हलवली. हे मान्य केलं पाहिजे.

कुलूप निघालं. सर्जन आला. भूल देणारे डॉक्टर कायमचे मिळाले नाहीत. ते ठरलेल्या वारी नांदेडहून येतात. सारिकाचं ऑपरेशन त्यांच्या वाराला ठेवलं आणि त्या गावात, त्या दिव्याखाली तिला मुलगी झाली.

अनू आणि मी बघायला गेलो. काशीबाई खाटेशेजारी नात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मायाबाईही आल्या होत्या. पट्टी होती. रोज धुऊन पुन्हा बांधायच्या म्हणे. घरच्यांनी, शेजारच्यांनी किती चिडवलं, पण सोडली नाही. मला बघून त्यांनी अंगठा पुढे केला.

"मॅडम, आता?"

'पॅकअप' म्हणायचा अधिकार माझा कधीच नव्हता. इतक्या वर्षांत मी तो शब्द फक्त ऐकला होता. मी अनूकडे बघितलं.

"तुम्हीच म्हणा, अक्का," ती म्हणाली.

म्हटलं. फार मोठ्यानं नाही, बाळ झोपलं होतं. मायाबाईंनी गाठ सोडली. आतला अंगठा बाकीच्या हातापेक्षा चांगलाच गोरा निघाला.

"घ्या," अनू म्हणाली. "आता हा कसा मॅच करणार?"

हात पुसून मी बाळाला घेतलं. या धंद्यानं मला खूप काही दिलं. घर दिलं, अनू दिली, तुमच्या आईचं शिक्षण दिलं. पण त्या दुपारी ते बाळ हातात घ्यायला मिळालं, त्याच्यासाठी मी आजही रोज हात जोडते.

आता तुमच्यासाठी शिकण्यासारखं एवढंच. पुढे तुम्ही कुठेही माणसांकडून काम करून घ्याल, तेव्हा त्यांना सुरुवात कधी करायची ते सांगा, आणि संपलं कधी तेही न विसरता सांगा. आपल्याकडची माणसं सांगितलेलं मनावर घेतात.